खुलासाबाईंना आलेला फोन

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे खुलासाबाई म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या सकाळच्या वेळी चर्चच्या कचेरीत फोनपाशी बसायच्या. बायबलातलं काही अडलं की लोकांनी फोन करावा, नाव सांगायची सक्ती नाही, आणि बाईंनी खुलासा करावा. पहिल्या माणसाच्या मुलाला, काइनाला, बायको कुठून मिळाली? शत्रूवर प्रीती करा म्हणजे कुंपण सरकवणाऱ्या शेजाऱ्यावरसुद्धा? बाईंकडे उत्तर तयार. हे सगळं त्यांना रविवारी उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांनीच शिकवलं होतं.

एकदा फोनवर दबका, घोगरा आवाज आला. "विश्वास उडालेल्या माणसानं सेवा करावी का?"

"कसली सेवा?"

"उपदेशाची."

"अहो, ज्याची विहीर आटली त्यानं पाणपोई कशाला मांडावी?" बाई फटकन बोलून गेल्या.

तेवढ्यात चर्चमध्ये बाक दुरुस्त करणाऱ्या सुतारानं हातोडा हाणला. ठक्! भिंतीतून आलेला ठोका फोनमधूनही कानावर आदळला. पुन्हा ठक्. पुन्हा दोन्हीकडून.

 सुताराखेरीज आत एकच माणूस होता.

त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. पाळकसाहेब खुर्चीत बसले होते, तोंडावर रुमाल, हातात फोन तसाच चालू. 

"साहेब, तुम्ही?"

"ही गेल्यापासून प्रार्थनेला बसतो, बाई, आणि समोर कुणीच नसतं," ते म्हणाले. बायकोच्या दफनविधीला डोळ्यांतून टिपूस न काढणारा तो माणूस हुंदके देऊ लागला. "कुणाला विचारू? सगळे मलाच विचारतात."

बाई स्टूल ओढून बसल्या. "मघाचं उत्तर चुकलं माझं," त्या कशाबशा म्हणाल्या. "थोमा शिष्य असून त्यानं शंका घेतली, तरी प्रभूनं त्याला हाकललं नाही."

"आणि माझी शंका गेलीच नाही तर?"

"मला माहीत नाही."

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सगळं सांगितलं.  दोन कुटुंबं उठून गेली, ती परत फिरकली नाहीत. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींनी साहेबांना उपदेशाच्या कामातून रजा दिली. आता ते मागच्या बाकावर बसतात. गाणी म्हणतात, प्रार्थनेला मात्र डोळे उघडे ठेवतात. बाई त्यांच्या शेजारी बसतात. त्या धक्क्यातून त्या अजून सावरलेल्या नाहीत. फोन वाजला की उचलण्याआधी त्या पलीकडच्या खोलीच्या दाराकडे बघतात.