घोडा छाप फिल्म

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे शब्द मला 'कमळ' आणि 'गवत' यांच्या आधी वाचता आले.

पत्रकांखेरीज वडिलांना एकच नाद होता, कॅमेऱ्याचा. फौजेतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याकडून घेतलेला दोन भिंगांचा जुना कॅमेरा. तो छातीशी धरायचा आणि मान खाली घालून काचेत बघायचं. फोटो काढताना वडील मोठ्यानं 'एक, दोन' म्हणायचे आणि तोवर समोरच्यानं हलायचं नाही. त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत माणसं कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखी दिसतात.

त्यातला एक फोटो माझ्या जन्माआधीचा. कारखान्यात संप चालू होता. आई गेटसमोर उभी आहे, डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, मागे गेटला बांधलेला झेंडा. झेंडा काळा आणि आईच्या कपाळावरचं कुंकूही काळं. लहानपणी मला वाटायचं, आईनं मालकाच्या निषेधार्थ काळं कुंकू लावलं होतं. शाळेत मी हे छाती फुगवून सांगितलंही होतं. झेंडा आणि कुंकू दोन्ही लालच होती, वडिलांच्या फिल्मला लाल दिसायचं नाही आणि ती लालाला काळं करून टाकायची, हे मला फार उशिरा कळलं.

वडील जाऊन चार वर्षं झाली. यंदा कारखान्याची जागा विकली गेल्याचं कळलं. शेड पाडायला सुरुवात झाली होती आणि महिन्याभरात गेटही निघणार होतं. ते निघायच्या आत आईला पुन्हा तिथं उभं करायचं, त्याच कॅमेऱ्यासमोर, तशाच फिल्मवर, एवढंच माझ्या मनात होतं. मैत्रीण म्हणाली, "अगं, फोनमध्ये होतो की काळा-पांढरा." होतो. पण फोनमध्ये लाल करडं होतं, आणि मला करडा झेंडा नको होता.

वडील त्या फिल्मला 'घोडा' म्हणायचे. कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत एका रोलचं वेष्टन अजून होतं. त्यावर जांभळ्या शाईत उधळलेला घोडा. घोडा छाप फिल्म कोण बनवायचं, हे मी इंटरनेटवर फोटोवाल्यांच्या सगळ्या गटांत विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात एका दुकानाची जाहिरात दिसली. फिल्मचं नाव 'विद्रोह', डबीवर आवळलेली मूठ आणि खाली ओळ : 'दुर्मिळ! लालाला आंधळी!' नाव बघूनच अंगावर काटा आला. मी लगेच मागवली.

पहिला रोल गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांवर खर्ची घातला. मिरच्या स्वच्छ करड्या आल्या. फिल्मला लाल चांगलं दिसत होतं. काठावर बारीक अक्षरं होती, ती जुळवून पाहिली तर तीच फिल्म दुसरं एक दुकान 'गोधूली' नावानं विकत होतं, डबीवर गाईंचं चित्र छापून. माझं डोकं फिरलं. ज्या मुठीसाठी माझ्या बापानं निलंबन सोसलं, ती आता डबीवर शोभेला! मी त्याच रात्री लेख लिहून त्याच गटांत टाकला : 'मूठ छापून माल खपवणाऱ्यांनो'. दुकानदाराचं उत्तर आलं, "ताई, फिल्म बनवणारे कारखाने उरलेत किती? जे मिळतं ते आणतो, डबी बनवतो. सगळेच तेच करतात." यावर मी आणखी चिडून आणखी लिहिलं. पण फिल्म काही मिळाली नाही आणि गेट जायला दोन आठवडे उरले.

शेवटी आईच म्हणाली, "सांगलीला जा की. घोडा तिथनंच यायचा."

"हे तू आत्ता सांगतेस?"

"तू मला कवा इचारलंस? तू त्या फोनला इचारत हुतीस."

साताऱ्यातले छापखाने मालकाला भिऊन युनियनचं काम घ्यायचे नाहीत, म्हणून वडील पत्रकं सांगलीला छापून आणायचे. छापखान्याला लागून एक फोटो स्टुडिओ होता, तिथून रोल घ्यायचे. मी एसटी पकडली. उंब्रज, कराड मागे पडलं तरी माझ्या डोक्यात लेखातलीच वाक्यं चालू होती.

छापखाना आता नाही. स्टुडिओची पाटी आहे, पण खाली झेरॉक्स चालतं आणि स्टुडिओवाले काका वरच्या मजल्यावर राहतात. ऐंशीच्या घरातले, पातळ आवाजाचे. मी वेष्टन पुढे केलं आणि विचारलं, "काका, ही कंपनी कुठली?"

ते खोकला लागेपर्यंत हसले. "आगं पोरी, कसली कंपनी? ही कंपनी तुझ्यासमोर बनियनवर बसलीय!"

छापखान्यात मजकुराचा फोटो काढून त्यावरून प्लेट करायचे. त्यासाठी लागणारी फिल्म मोठ्या गुंडाळीत यायची. उरलेले तुकडे काका घ्यायचे, लाल दिव्यात पट्ट्या कापायचे, वापरून झालेल्या रोलच्या काळ्या कागदाला चिकटवायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. म्हणजे वडिलांची पत्रकं आणि आईचा फोटो एकाच फिल्मवरचे.

"आणि घोडा?"

"त्यो शेजारच्या हळदवाल्याचा. पोत्यावर मारायचा शिक्का. बिनशिक्क्याचा माल सांगलीत कोण घेतंय?"

काकांनी माझ्या हातातला दुसरा कागद मागितला. लेखाची प्रत मी कशासाठी आणली होती कोण जाणे. चष्मा लावून त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली.

"झ्याक लिवलंयस. बापावर गेलीस. आता माझ्यावरबी एक काढ."

"तुम्ही वडिलांना सांगितलं होतं? हे असं आहे म्हणून?"

"पहिल्याच दिशी. म्हटलं, गड्या, ह्यात तुझा झेंडा काळा येणार. तर म्हणला, येऊ द्या. मालकाला रंग म्हायती हाय."

हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. वडिलांच्या तोंडचं नवं वाक्य ऐकून चार वर्षं झाली होती. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. काकांनी पुन्हा सांगितलं, जरा सावकाश.

ती फिल्म आता कुठंच नव्हती. छापखाने संगणकावर गेले तशी तीही गेली. काका टकलावरून हात फिरवत म्हणाले, "एक्स-रेची बघू. तिलाबी लाल दिसत न्हाई." त्यांनी मिरजेला कुणाला तरी फोन लावला. तिथल्या एका दवाखान्यात मुदत संपलेली एक पेटी पडून होती. मी सिटी बसनं जाऊन ती घेऊन आले.

त्यांच्या डार्करूममध्ये आता गाद्या आणि तांदळाचं पोतं होतं. लाल दिवा मात्र लागला. काकांचे हात थरथरत होते, म्हणून त्यांनी पट्टी दाबून धरली आणि मी कापलं. गुंडाळायला काळा कागद हवा होता. पुरावा म्हणून पिशवीत घातलेला 'विद्रोह'चा कागद आणि रीळ मी बाहेर काढलं.

"कागद मातूर लय चांगला हाय हां त्यांचा," काका म्हणाले. "पट्टी आखूड हाय. पाच फोटो बसतील. जपून."

मग त्यांनी कपाटातून शिक्का काढला. मी वेष्टनावर घोडा उमटवला आणि खाली पेनानं लिहिलं : 'एक्स-रे फिल्म. लाल दिसत नाही.'

"एवढं लिवल्यावर कोण घेणार?"

"विकायची नाही, काका."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. वडिलांचं वाक्य दोनदा सांगितलं.

वडील गेल्यावर तिनं कुंकू लावायचं सोडलं होतं. विधवेनं कुंकू का पुसावं, असं पत्रक वडिलांनीच कधीकाळी लिहिलं होतं. ते मी बाराव्याच्या दिवशी तिच्यापुढे धरलं होतं, वरून ठासून बोललेही होते. ती म्हणाली होती, "पत्रक तुझं, कपाळ माझं हाय." त्यानंतर आम्ही तो विषय काढला नव्हता.

गेटवर जायच्या दिवशी सकाळी ती आरशासमोर थांबली. "त्या रोलात लाल दिसतच न्हाई नव्हं?"

"नाही. काळं येतं."

"मग लावते."

रिक्षातून उतरली तेव्हा कारखान्याचा जुना पहारेकरी तिच्या कपाळाकडे बघतच राहिला. गेटला झेंडा नव्हता, मागे शेडही उरलेली नव्हती, नुसतं आभाळ होतं. ती रिकाम्या हातांनी उभी राहिली, तशीच, भांडायला निघाल्यासारखी. माझ्याजवळ बोलण्यासारखं खूप होतं. मी फक्त "हलू नकोस" म्हणाले. मग 'एक, दोन' म्हटलं, पाच वेळा.

परतताना आमची गल्ली यायच्या आधी तिनं पदरानं कपाळ पुसलं. मी बाहेर बघत राहिले.

फिल्म धुतली. पाचातला एकच फोटो धड आला, त्यावरही ओरखडे. मी निगेटिव्ह खिडकीशी धरली. त्यात आई उलटी असते, चेहरा काळा आणि केस फिकट. कपाळावर मात्र एक गोल जागा अगदी कोरी राहिली होती. फिल्मला तिथं काहीच दिसलं नव्हतं, आणि नेमक्या तेवढ्याच जागेतून खिडकीतलं ऊन आरपार येत होतं.