वहिनींचा दुधी हलवा
दुधी हलव्याचा वास आला की माझी जीभ अजून आत पळते. ऐंशीच्या सुमारास मुलुंडच्या चाळीत मी पत्र्यावर दुधीचा वेल चढवलेला, पण प्रत्येक कोवळा दुधी शेजारच्या वहिनी न विचारता तोडायच्या. मेमध्ये माझं डोकं फिरलं. उन्हात वेल तहानला की दुधी कडू होतो, म्हणून आठवडाभर थेंबभरही पाणी दिलं नाही. वहिनींनी तोडलाच! मी मनात नाचलो. संध्याकाळी त्या वाटी घेऊन दारात हजर. "भावोजी, हलवा केलाय. तुमचा वेल, म्हणून पहिला घास तुमचाच!" नाही म्हटलं तर माझा डाव उघडा पडणार, म्हणून विषासारखी कडू वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हटलं, "झकास!" "आवडला ना? थांबा, पातेलंच आणते." वहिनी आता बोरिवलीला असतात. त्यांच्यासाठी यंदा पुन्हा वेल लावलाय, पाणी घालत नाही.