दहा किलोंची बॅटरी

चार्जर आबा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचं वजन सांगत. नारळ असो, सुरमई असो, शेजारणीचं तान्हं मूल असो. चूक फार तर पन्नास ग्रॅमची. माझ्या काजूच्या दुकानातल्या काट्यावर मी कैकदा पडताळून पाहिलं आहे.

आचऱ्याला होड्यांच्या दिव्यांच्या बॅटऱ्या ते चार्ज करून देत. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू, आणि हातगाडी वाळूत रुते. म्हणून किनाऱ्यावरून बॅटऱ्या आणायच्या त्या वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर चोवीस किलो, दिवसाला आठ खेपा. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, मानेचा मणका दबलाय. दहा किलोंच्या वर डोक्यावर काही घ्यायचं नाही.

आबांनी तेवढा आकडा धरला. "भाऊ, चवदा किलो कमी करूचे आसत," ते मला येऊन म्हणाले.

२००७च्या सुमारास त्यांना वर्तमानपत्राच्या पुरवणीत एक बातमी सापडली. कार्बनचा पापुद्रा, एका अणूच्या जाडीचा, विजेला उत्तम वाट देणारा. परदेशात तो म्हणे पेन्सिलीतल्या शिशासारख्याच पदार्थावरून चिकटपट्टीने सोलला होता. पुढे हलक्या बॅटऱ्या त्याच्याच होतील, असंही छापलं होतं. बॅटरीत वजन असतं ते शिशाच्या जाळ्यांचं, हे आबांना पाठ होतं. "चिकटपट्टी आसा, पेन्सिल आसा. मगे रवला काय?"

दीड वर्ष ते पापुद्रे सोलत होते. सोललेले पापुद्रे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांवर बसवायचे आणि जाळ्यांच्या जागी घालायचे. तोलायला माझ्याकडे यायचे. मी वहीत दोन रकाने आखले होते: वजन, आणि दिवा किती वेळ जळला. एकवीस किलोंना तीन तास. अठरा किलोंना चाळीस मिनिटं. मग ॲसिडमध्ये पापुद्रे सुटून तळाशी काळा गाळ साचे.

"वजन काढलात, जीवय काढलात तिचो," वहिनी हसून म्हणत, आणि दुसरी, चोवीस किलोंची, डोक्यावर घेऊन निघत. आबांना मी स्पष्ट म्हटलं होतं की हे घरात होण्यासारखं काम नाही, बॅटऱ्या वाहायला एखादा गडी ठेवा. "गड्याक पगार म्हणान देव काय? पापुद्रे?"

एका सकाळी वहिनी वाळूत पडल्या. बॅटरी फुटली नाही. हातापायांतली ताकद मात्र गेली ती गेलीच. चार महिने अंथरुणात काढून त्या गेल्या.

तेराव्यानंतर आबा आले. लंगडत, वहिनींच्या चुंबळीवर बॅटरी घेऊन. ती त्यांनी स्वतःच काट्यावर ठेवली. वजन किती, ते या वेळी आधी सांगितलं नाही.

"नऊ किलो आठशे," मी वाचलं.

"डाक्तरांक सांग," ते म्हणाले. "झाली म्हणून."

मी बल्बच्या तारा लावून पाहिल्या. आबा चुंबळ मांडीवर घेऊन बसले होते, बल्बकडे न बघता. पहिल्या रकान्यात मी नऊ किलो आठशे लिहिलं. दुसऱ्यात शून्य लिहिलं आणि वही मिटली.