सारजाबाई नसलेला डोंगर

अफजल मुलाणीच्या स्टुडिओत दर्शनी भिंतीवर नवरानवरींचे रंगीत फोटो आणि आतल्या खोलीत नुसते डोंगर. डोंगर सगळे काळे-पांढरे. बारामतीत स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याच्या वडिलांनी, अल्लाबक्ष यांनी, हे दुकान थाटलं तेव्हा सगळेच फोटो काळे-पांढरे असत. पुढं रंगीत आलं, मग मोबाइल आला. पण वडिलांचा रोलचा कॅमेरा अफजलनं सोडला नाही. दिवाळी झाली की तुळशीचं लग्न लागेपर्यंत फोटोवाल्याचे हात मोकळे असतात. तेवढ्यात तो पाठीवर पिशवी टाकून भोरच्या बाजूच्या घाटांत जायचा. परत आला की न्हाणीघराला काळा कागद लावून रोल धुवायचा.

गावाकडचे, सणसरचे पाहुणे त्याच्या बायकोला, शबानाला, विचारायचे, "सपाट मुलखातला माणूस, ह्याला डोंगराचं एवढं काय?"

ती हसून सांगायची, "उसात नजर पुढं जात न्हाय म्हणत्यात."

अशाच एका दिवाळीनंतर त्याला घाटमाथ्यावर मानसिंग आबा भेटले. इंदापूरकडच्या निरवांगीचे. मेंढरं घेऊन कोकणात उतरत होते. आपल्याकडचा माणूस म्हटल्यावर त्यांनी अफजलला तळावर नेलं, बाजरीची भाकरी आणि दूध पुढं ठेवलं. तीन दिवस तो त्यांच्यासोबत चालला. आबांची बायको सारजाबाई सामान लादलेलं घोडं धरून पुढं चालायची. मागून आबा मेंढरं घेऊन यायचे.

घाट उतरताना अवकाळी ढग भरून आले. समोरचा डोंगर काळाभोर झाला, आणि त्याच्या खांद्यावर ढगाला एक फट पडू लागली. तिथून उजेड उतरणार हे अफजलला कळलं. खालच्या वळणावर सारजाबाई घोड्याचा कासरा धरून उभी होती.

तो वरून ओरडला, "मावशी, तितंच थांबा! हलू नका!"

ती थांबली. वारा असा की पदर डोक्यावर टिकेना. घोडं पाय आपटत होतं. मेंढरं पुढं निघून गेली, आबांनी दोनदा हाक मारली, तरी ती जागची हलली नाही. बऱ्याच वेळानं उजेड पडला, डोंगराची एक बाजू चांदीसारखी उजळली आणि अफजलनं बटण दाबलं.

तो खाली उतरून आल्यावर सारजाबाईनं विचारलं, "आले का रं मी?"

"आलात म्हंजे काय! मोठ्ठा करून लावीन फोटो."

रोल धुतल्यावर त्याला कळलं की असा फोटो आयुष्यात एकदाच होतो. शबानाला त्यानं छोटी प्रत दाखवली. ती सारजाबाईकडं बोट दाखवून म्हणाली, "ह्या बाईमुळं डोंगर किती मोठा दिसतोय."

पुढं दोनेक वर्षांत मानसिंग आबांनी मेंढरं विकली. चरायला रान राहिलं नव्हतं आणि मुलगा शेतीत रमला होता. अफजलचा फोटो तसाच पडून होता. मग बारामतीत डोंगरांच्या फोटोंची एक मोठी स्पर्धा ठरली. एका जाणकारानं फोटो पाहून सांगितलं, "डोंगर अफाट आहे हो. पण खालची बाई आणि घोडं नजर खेचून घेतात. ती नसती तर?"

अफजलनं फोटो कॉम्प्युटरवर घेऊन त्या दोघांना पुसलं. वळणावर गवत आणि दगड पसरले. काम सफाईनं झालं. ते करताना त्याला काहीच वाटलं नाही, हे पुढं त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

फोटो पहिला आला. पुरुषभर उंचीचा करून सभागृहाच्या मधल्या भिंतीवर लावला. शबानाला आनंद आवरेना; तिनं पाहिली होती ती जुनी छोटी प्रतच. अफजल सभागृहाच्या गडबडीत असताना तिनं आबांचा नंबर शोधून निरवांगीला फोन केला. "मावशींचा फोटो पहिला आलाय. सगळ्यांनी या."

आणि ते आले. मानसिंग आबा पांढरं धोतर आणि धुवट फेटा घालून, सारजाबाई नव्या हिरव्या लुगड्यात, सोबत केसांत गजरा माळलेली नात छकुली. अफजल दोन पाहुण्यांना फोटो समजावत होता. दारात ते तिघं दिसले. त्याला पळून जावंसं वाटलं, पण शबाना त्यांना हाताला धरून पुढं घेऊन येत होती.

सारजाबाईनं फोटो बघितला आणि डोंगर लगेच ओळखला. "ह्यो बघ, आपला घाट," ती छकुलीला म्हणाली. मग चष्मा लावून खालच्या वळणाजवळ वाकली. बोटानं वाट धरून सरकत गेली. पुन्हा मागं आली.

"आज्जी, तू कुठं हायस?" छकुलीनं विचारलं.

"हितंच व्हते की. घोडं बी व्हतं." तिनं अफजलकडं बघितलं. "मला दिसंना. तूच दाव बाबा."

भोवतीची माणसं थांबली. आबांना काय समजलं कोण जाणे, ते घाईनं म्हणाले, "आगं, ढगात गेली आसशील. धुकं व्हतं त्या दिवशी."

त्या वेळी अफजलनं खरं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, "व्हय आबा. धुकं व्हतं."

सारजाबाई सरळ उभी राहिली. "धुकं कुठलं? उजेडाची वाट बघत तर उबं केलंतंस मला."

तिनं आवाज चढवला नाही. छकुलीचा हात धरला आणि दाराकडं निघाली. शबानानं चहासाठी खूप विनवलं. आबा म्हणाले, "एसटी चुकंल, पोरी."

ते गेल्यावर शबानानं विचारलं, "तुमी पुसलंत त्यांना?"

त्यानं मानेनं हो म्हटलं.

"आणि मी फोन करून बोलवून घेतलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अफजलनं आयोजकांना सगळं सांगितलं आणि फोटो उतरवायला लावला. ते समजावत होते, एवढं तर सगळेच करतात. त्याला ऐकवेना. बक्षीस परत करून तो दुकानात आला. रोलची मूळ पट्टी, निगेटिव्ह, काढून त्यानं नवा फोटो केला, त्यात सारजाबाई होती, घोडं होतं, वाऱ्यानं उडालेला पदर होता. तो घेऊन तो निरवांगीला गेला.

सारजाबाई अंगणात शेंगा फोडत होती. त्यानं फोटो समोर ठेवला. "मावशी, मीच पुसलं व्हतं तुमाला. वर खोटं बोललो. चुकलो."

तिनं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला. घोड्यावरून बोट फिरवलं. घोडंही आता विकलेलं होतं. मग म्हणाली, "तवा काडून टाकलंस, आता घातलंस. ह्यातलं खरं कंचं, मला कसं कळायचं?"

अफजलनं खिशातली पट्टी काढून उजेडात धरली, त्यातलं तिचं चिमुकलं रूप दाखवलं. त्या पट्टीत काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. पटलं म्हणून की नको म्हणून, ते त्याला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. आबांनी फोटो घरात नेला. चहा पाजूनच त्याला सोडलं.

त्या उन्हाळ्यात त्यांच्या नातवाचं, ऋतिकचं, लग्न निघालं. पत्रिका घेऊन आबा स्वतः दुकानात आले. अफजल शबानाला घेऊन निरवांगीला गेला. मांडवात इंदापूरचा एक फोटोवाला धावपळ करत होता. पंगतीत सारजाबाई वाढत वाढत अफजलपाशी आली, पानात बुंदी टाकली.

"फोटोवाला दुसरा सांगितलाय," ती म्हणाली. "तुला राग न्हाय ना?"

"न्हाय मावशी."

"मग जेव की. लाजतूस कशाला?"

तिनं आणखी एक मूठ बुंदी वाढली आणि पुढच्या पानाकडं वळली. अफजल मान खाली घालून जेवत राहिला. शेजारी बसलेल्या माणसानं गाव विचारलं तेव्हा त्यानं सणसर सांगितलं. धंदा विचारला, तेव्हा मांडवातल्या फोटोवाल्याकडं एकदा बघून तो पुन्हा पानाकडं वळला.