पहिल्या रोपाला नमस्कार

मंडळी, सकाळी घडलेलं लगेच लिहितोय.

आईचा गुडघा सुजलाय. वडील सुजेवर रानातली एक मुळी उगाळून लावायचे. ते गेल्यावर ती ओळखणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून ठाकूरवाडी या आदिवासी पाड्यातल्या बुधीआजीला घेऊन तानशाच्या रानात गेलो.

तिनं रोप दाखवलं. मी खणायला वाकलो, तर तिनं हातच धरला.

"पयला झाड नाय खनायचा रे. त्याला हात जोडायचा नि पुढचा घ्यायचा. बापानं नाय शिकवला?"

मग आठवलं. वडील पहिल्या रोपाला हात जोडून "हिरूबाबा" म्हणायचे. मला ते रानातल्या देवाचं नाव वाटायचं. अजूनही संध्याकाळी दिवा लावताना मी बाकीच्या देवांबरोबर ते घेतो.

हे सांगितल्यावर आजी तोंडाला पदर लावून हसली. "देव कसला? माजा सासरा तो. तुज्या बापाला ह्या औषद त्यानंच दावला. तुमच्या ओटीवर बसायचा, आत कुनी घेतला नाय. आन तू त्याला देव्हाऱ्यात बसवला होय!"

गावात वडिलांना सगळे वैद्य म्हणायचे. त्यांना कुणी शिकवलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

निघताना आजीला उद्या जेवायला बोलावलं. तिनं शांतपणे विचारलं, "ओटीवर का आत?"

"आत," मी म्हणालो.

तुमच्या घरात चालत आलेलं औषध मुळात कुणी दाखवलं होतं? आणि तो माणूस तुमच्याकडे कुठे बसायचा?