बिनसेलचा रेडिओ
परवा टीव्ही दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सोल्डरिंग सुरू केलं आणि राळेच्या वासासरशी मी थेट जुन्या जालन्यातल्या आमच्या गच्चीवर पोचले. तेव्हा मी बीएस्सीला होते आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजत होते. गच्चीवर तांब्याची लांब तार ताणून, खाली एक डायोड आणि इयरफोन जोडून मी बिनसेलचा रेडिओ केला होता. मला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी पोहे करपले, म्हणून वडिलांनी कौतुकाने तो रेडिओच त्यांच्यापुढे केला. शेवटचं वर्ष पुरं करू द्याल का, एवढं मला पाहुण्यांना विचारायचं होतं. मुलाच्या आईंनी इयरफोन कानाला लावला, बारीक आवाजातल्या बातम्या ऐकल्या आणि म्हणाल्या, "सेल न्हाई, लाइट न्हाई, मंग हे चालतं कशावर?" मी फुशारकीने सांगितलं, "हवेतल्या लहरी तार पकडते, डायोड त्यांना सरळ करतो, तेवढ्यावरच चालतं. याला काही द्यावं लागत नाही." त्यांनी इयरफोन खाली ठेवला. "सून बी बराबर अशीच पाहिजे. खायाला मागायची न्हाई, अन् बोलली तरी दुसऱ्याला ऐकू जायचं न्हाई." सगळे हसले; सगळ्यांत मोठ्याने वडील. माझा प्रश्न विचारायचा राहिला आणि मी पसंत पडले. लग्नात सासूबाईंनी ती तार आठवणीने मागून घेतली. मजबूत निघाली, अजून आमच्या अंगणात आहे. शास्त्राप्रमाणे लहरी तिच्यात आजही येत असणार. मी रोज सकाळी तिच्यावर ओल्या चादरी टाकते.