तेवढी सही करू द्या

वाळूजच्या एका कारखान्यात मी वीस वर्षांपासून टाइम ऑफिसला आहे. हजेरी, रजा, गेटपास, ओव्हरटाइमच्या याद्या, हे माझं काम. कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे तयार होतात आणि त्या लाइनवर बहुतेक बायकाच असतात. बोटं बारीक, नजर चांगली आणि बोलत नाहीत, असं आमचे मॅनेजर पाहुण्यांना सांगत. बायका कंपनीच्या नव्हेत, ठेकेदाराच्या.

आठेक वर्षांपूर्वी एक मुलगी लाइनवर उभी असतानाच कपडे खराब झाले म्हणून रडत गेटवर आली. पुरुष सुपरवायझरकडे बाहेर जायची परवानगी मागायला तिला लाज वाटली होती. मला फार वाईट वाटलं. मी मॅनेजरांना अर्ज लिहिला आणि माझ्या टेबलामागच्या कपाटात पॅडची पाकिटं ठेवायची सोय करून घेतली. कोणी गैरफायदा घेऊ नये म्हणून एक वही घातली. प्रत्येकीचा तिकीट नंबर, म्हणजे हजेरीचा क्रमांक, आणि त्यापुढे तारीख, सही. महिन्याला एकीला एक पाकीट. त्या वर्षी कंपनीच्या कार्यक्रमात मला शाल आणि प्रमाणपत्र मिळालं. बायको पहिल्या रांगेत बसली होती. ते प्रमाणपत्र अजून पुंडलिकनगरच्या आमच्या घरात, कपाटात कुठंतरी आहे.

ठेकेदाराने वहीची झेरॉक्स मागितली तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बायका त्याच्या, त्याला हिशोब हवा असेल. दर महिन्याच्या एक तारखेला मी झेरॉक्स काढून देऊ लागलो. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात तो माझ्यासमोर बसून यादीवर बोट फिरवत होता. एका नंबरापाशी थांबला.

"साहेब, इसका खाना खाली है."

"रजेवर असेल."

"रजेवर नाही, रोज येते." मग हसला. "तुमची वही डॉक्टरपेक्षा हुशार आहे, साहेब. बाई स्वतःला कळायच्या आत आपल्याला कळतं."

मीही हसलो. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो की मला माहीत नव्हतं. मला त्या दिवसापासून माहीत होतं. कामाचे ठराविक दिवस भरले की बाईला बाळंतपणाची पगारी रजा द्यावी लागते. ते भरायच्या आत तिला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून बसवलं, की प्रश्न मिटतो. आधी ठेकेदाराला पोट दिसेपर्यंत थांबावं लागायचं. आता माझी वही होती.

थेट विचारायची त्याची हिंमत नव्हती. त्याची पद्धत वेगळी होती. ज्या नंबराचा रकाना रिकामा, तिला लाइनवरून काढून बिन उचलायला लावायचं. तयार माल भरलेले प्लास्टिकचे मोठे खोके, एकीकडून उचलून रॅकवर ठेवायचे. बाई नाही म्हणाली की समजायचं. मग तिचं गेट बंद.

जिच्याबद्दल मला लिहायचं आहे ती लाइनवर चार वर्षं होती, अर्थात ठेकेदार मध्ये मध्ये ब्रेक द्यायचा. रांजणगावात खोली करून नवऱ्याबरोबर राहायची. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण ती दवाखान्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा मागायची आणि कारण लिहावं लागायचं. तोंडाने फटकळ. एकदा माझ्या डब्यातला शिरा बघून म्हणाली, "सायेब, वैनी तुम्हाला रोज सत्यनारायण घालत्यात काय?" शेजारच्या बायका खळखळून हसल्या होत्या.

एका महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती माझ्या खिडकीशी आली. आठ दिवस सासू आजारी म्हणून गावाकडे होती, आदल्या दिवशीच परतली होती. पाकिटं संपलेली होती, नवीन माल दोन तारखेला यायचा होता.

"संपलीत," मी म्हणालो. "परवा ये."

"पाकीट नको, सायेब. नुसती सही करू द्या."

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, वहीकडे बघत होती.

"पाकीट न घेता सही कशी करणार?"

"करू द्या तेवढी. उद्या यादी जाती ना तुमची."

मला सगळं कळलं. पाकीट हवं असलेली बाई पाकीट मागते. ही सही मागत होती. सात वर्षांनी तिला दिवस गेले होते आणि रजेला पात्र व्हायला तिला अजून थोडे आठवडे भरायचे होते. हे मला तेव्हाच्या तेव्हा, खिडकीत बसल्या बसल्या कळलं. आणि तरी मी म्हणालो, "असं कसं? आलेली पाकिटं एवढी, दिलेली पाकिटं त्याहून जास्त. स्टॉक जुळणार नाही."

"जुळत नाय व्हय," म्हणाली आणि गेली.

त्या संध्याकाळी मी स्टॉक जुळवला. बरोबर आला. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स दिली.

तिला बिन उचलायला लावलं. तिने नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं तर गेट बंद होणार होतं आणि पात्र व्हायचे दिवस राहून जाणार होते. ती दिवस मोजत असावी. माझ्या ऑफिसच्या काचेतून रॅक दिसतात. मी तिला पाहत होतो. खोका उचलण्याआधी ती तो पोटापासून लांब धरायचा प्रयत्न करायची, पण तेवढं वजन हात लांब करून उचलता येत नाही. मग अंगाशी घ्यायची. सुपरवायझरला मी एवढंच म्हणू शकलो असतो की हिला परत लाइनवर घे. त्याने ऐकलंही असतं, माझा शब्द तो मोडत नसे. पण मग त्याने का म्हणून विचारलं असतं, आणि मला ते सांगायला लागलं असतं.

अकरा दिवस तिने बिन उचलले. मग चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी खिडकीशी आली. चेहरा पिवळा पडला होता.

"पाकीट द्या."

मी दिलं. तिने वही ओढून घेतली, सही केली आणि पेन वहीत ठेवून ती मिटली.

"आता जुळंल बघा."

त्या महिन्याच्या अखेरीला तिने काम सोडलं. मी कोणाला काही सांगितलं नाही, घरीही नाही.

मला एकच मुलगी. ती झाल्यावर दुसरं नको असं ठरलं, म्हणजे मी ठरवलं, आणि ऑपरेशन बायकोचं झालं. माझं करता येईल असं कोणी सुचवलंसुद्धा नाही. मी दवाखान्याबाहेर चहा पीत बसलो होतो. हेही मला मुलीने पुढे लिहिलेल्या एका गोष्टीमुळे आठवलं, एरवी ते आठवण्यासारखं आहे असं मला वाटलं नसतं.

गेल्या वर्षी मुलीने कॉलेजच्या अंकासाठी विज्ञानकथा लिहिली. अंकाला देण्याआधी मी ती वाचावी अशी तिची इच्छा होती. भविष्यातलं एक शहर. तिथे मूल होऊ द्यायचं की नाही हे सरकार ठरवतं. प्रत्येक बाईच्या तारखा एका कचेरीत नोंदवलेल्या असतात, त्या चुकल्या की रात्री काळी गाडी येते. कचेरीच्या प्रमुखाचा एक डोळा काचेचा आहे आणि तो बायकांच्या किंकाळ्या ऐकत जेवतो.

मी जेवणाच्या टेबलावर बसून वाचली. ती समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती.

"कशी आहे?"

"चांगली आहे. पण तो माणूस काही पटत नाही."

"का? क्रूर दाखवायचाय मला."

"एवढा क्रूर असायची गरज नाही गं."

"बाबा, डिस्टोपिया आहे तो. साधा माणूस असं करेल का?"

मी तिच्या आईकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत होती. आणि मग मी सांगितलं. कपाट, वही, झेरॉक्स, बिन, सगळं. सांगताना माझ्या लक्षात आलं की मी मध्ये मध्ये शाल आणि प्रमाणपत्राचा उल्लेख करतोय, म्हणून पुन्हा मागे जाऊन ते वगळून सांगू लागलो. मुलीने सगळं ऐकलं. गोष्टीचे कागद गोळा करून ती आत गेली.

बायकोने गॅस बारीक केला. "किती बायका होत्या तुमच्या त्या वहीत?"

"चौऱ्याऐंशी."

"माझी तारीख तुम्हाला कधी माहीत होती का हो?"

ती परत पोळ्यांकडे वळली.

मुलगी तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी म्हणाली, "तिला भेटलास का नंतर?" नाही म्हणालो. "मग मला कशाला सांगितलंस? मी काय करू त्याचं?"

लाइनवर जुन्या दोघीतिघींना विचारलं. आम्हाला माहीत नाही म्हणाल्या. आठवड्याने त्यांतली एक स्वतःच म्हणाली, "शहागंजला असती. फॉल-पिकोच्या दुकानात." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो.

अरुंद दुकान, दोन मशिनी. ती बाहेरच्या मशिनीवर होती. केस कानापाशी पांढरे झाले होते. मला तिने लगेच ओळखलं.

"या सायेब. वैनीची साडी?"

"साडी नाही. बोलायचं होतं."

"बोला की. हात चालू हायेत, कान मोकळे हायेत."

मी म्हणालो, त्या दिवशी मी सही करू द्यायला हवी होती.

"कोणत्या दिवशी?"

तिला माहीत होतं. मला सगळं म्हणायला लावायचं होतं, आणि तिचा तो हक्कच होता. मी बोललो. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, तिने साडी घेतली, रंग जुळवून रीळ लावलं, परवा या म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुडं?" मी पुढचं बोललो.

"नंतर राहिलंच नाय," ती म्हणाली. "आमचे मालक म्हणतात, नशीब. मी म्हणते बिन." मशीन थांबवून तिने दाताने दोरा तोडला. "ती वही हाय का अजून?"

"वही नाही. आता मशीन आहे. अंगठा लावला की पाकीट पडतं."

"आन् यादी?"

"यादी संगणकावर निघते."

"कुणाकडं जाती?"

"माझ्याकडं."

"आन् मंग?"

मी समोरच्या रिळांकडे पाहिलं.

"एक तारखेलाच का अजून?" तिने विचारलं.

मी मान हलवली. तिने माझ्याकडे पाहिलं. राग असेल असं मला वाटलं होतं, पण नव्हता. एखाद्या मंद पोराकडे बघावं तशी ती बघत होती.

"मंग हितं काय करताय, सायेब? जा की."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला मी सांगितलं की यादी येणार नाही. तो भांडला नाही. "ठीक है साहेब, कशाला टेन्शन घेता," म्हणाला. दोन दिवसांत मशीनचा पासवर्ड त्याला वरून मिळाला. आता यादी माझ्याकडे न येता सरळ जाते. मी मॅनेजरांकडे लेखी तक्रार दिली. विचाराधीन आहे.

म्हणून एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लाइनवर गेलो. बायका पुठ्ठे टाकून जेवत होत्या. असल्या विषयावर इतक्या जणींसमोर मी कधी बोललो नव्हतो. म्हणालो, गरज असो नसो, दर महिन्याला सगळ्यांनी अंगठा लावायचा. एकही नंबर रिकामा ठेवायचा नाही.

मग शहागंजचा पत्ता देणारी ती बाई डबा बंद करत म्हणाली, "साहेब, ती गेली तेव्हापासून आम्ही तेच करतो."

म्हणजे इतकी वर्षं माझ्या यादीत जवळजवळ सगळे रकाने भरलेले येत होते आणि मी ते पाहून, शेवटी पद्धत व्यवस्थित बसली, असं समजत होतो.

"मला सांगितलं नाहीत."

"तुम्हाला कसं सांगणार? यादी तुमचीच ना." तिने हात धुतले, पदराला पुसले. "जुन्यांचं काय नाय. नव्या पोरी सापडतात. आम्ही सांगायच्या आत महिना भरतो."

"आता कोणी सापडली का?"

"गेल्या महिन्याच्या यादीत एक होती. तुमची शेवटची यादी गेली ना, ती. नवी, कामाला लागून दोनच महिने झाले होते. बिन उचलायला लावलं, नाय म्हणाली. गेट बंद."

ती यादी मी शहागंजला जायच्या आधीच्या एक तारखेला पाठवली होती. मुलीला सगळं सांगून झाल्यानंतर. त्यात एक रिकामा रकाना मला दिसला होता, आणि मी नवीन आहे, विसरली असेल, असं म्हणून बटण दाबलं होतं.

"तिचा फोन नंबर आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं. "तक्रार तिच्या नावाने झाली तर जोर येईल. मी येतो तिच्याबरोबर."

बाईने शेजारणींकडे पाहिलं. कोणी मान हलवली नाही.

"नंबर आहे," ती म्हणाली. "पण तुम्हाला नाय देणार, साहेब."

भोंगा झाला. त्या उठल्या, पुठ्ठे घडी करून मशीनखाली सारले आणि लाइनवर उभ्या राहिल्या.